चित्राचं वजन

लढाई संपून दोन वर्षं झाली होती. मलकापूरच्या एका जिनिंगचे मालक भगवानराव यांनी मुंबईत हौसेनं जमवलेली चित्रं गावाला दाखवायचं ठरवलं. कापूस यायला महिना होता, गोदाम रिकामंच होतं. नागपूरहून साहेब लोक येणार होते. मी शाळेतला ड्रॉइंग मास्तर, त्यामुळे मांडणी माझ्या गळ्यात पडली.

आंबा आणि सुरई यांच्यापलीकडे मी कधी गेलो नव्हतो. ही चित्रं नव्या तऱ्हेची. कुठे कानाच्या जागी डोळा, कुठे नुसतेच फराटे. सात नंबरच्या चित्रात तर तपकिरी रंगाशिवाय काहीच नव्हतं. मला ते ओल्या पोत्यासारखं दिसलं.

प्रदर्शनाच्या तिसऱ्या दिवशी फ्रेमवाला बद्रुद्दीन म्हणाला, "मास्तर, सात नंबरचा खिया वाकून राह्यला."

"मोठा खिळा ठोका."

"मोठाच हाय. दुसऱ्यांदा बदलला."

जिनिंगमध्ये तोलकाट्याला काय तोटा? आम्ही चित्र काट्यावर ठेवलं. रेल्वेच्या चिठ्ठीवर अकरा शेर होते. काटा सव्वीस शेरांवर थांबला. लाकडानं ओल धरली असेल, असं मी म्हणालो. बद्रुद्दीननं फ्रेमवर बोटानं ठोकून दाखवलं. लाकूड खडखडीत कोरडं होतं.

मग मी लक्ष ठेवलं. लोक बाकीची चित्रं पाहून हसायचे आणि पुढे जायचे. सात नंबरपुढे एखादंच कोणी थांबायचं. गोजरबाईचा नवरा गेल्या साली वारला होता. ती पदर तोंडाला लावून आली, बराच वेळ उभी राहिली आणि जाताना म्हणाली, "बरं वाटलं बाप्पा. आंग हलकं झालं."

त्या संध्याकाळी काटा आणखी चार शेर पुढे गेला.

मी तिथेच सावध व्हायला हवं होतं. पण मी थकलो होतो. आमचा एकुलता एक शालिग्राम ब्रह्मदेशात लढाईत गेला. तेव्हापासून तीन वर्षं माझी बायको अन्नपूर्णा झोपली नव्हती. रात्र रात्र भिंतीला टेकून बसायची, आणि तिच्यापायी मीही जागा. आता लाज सोडून सांगतो, पोराच्या आठवणीपेक्षा मला झोप हवी होती.

शेवटच्या दिवशी दुपारी मी तिला सात नंबरपुढे नेऊन उभं केलं.

ती चित्राकडे पाहत होती. मी खिळ्याकडे. तो हळूहळू वाकला.

"चला," ती म्हणाली. घरी जाताना ती माझ्या पुढे चालत होती.

संध्याकाळी ते चित्र उतरवायला चार हमाल लागले. बद्रुद्दीन काटा लावायला तयार होईना.

"राहू द्या, मास्तर. मले नाही पाहाचं."

त्या रात्री ती झोपली. मीही झोपलो.

सकाळी उठलो तर ती चुलीला पोतेरं देत होती. पोतेरं खाकी कापडाचं होतं. त्याला एक बटण राहिलं होतं.

"हे काऊन घेतलं?" मी विचारलं.

"पेटीत उगंच पडलं होतं. कोनाचा सदरा हाय हा?"

"शालिग्रामचा."

तिचा हात थांबला. तिनं जरा आठवून पाहिलं. मग माझ्याकडे बघून हसली, किती वर्षांनी हसली.

"नाव चांगलं हाय," ती म्हणाली. "कोनाचा पोरगा?"