पांढऱ्या रुमालाची बोहनी

तो पहिल्यांदा आला तेव्हा दुकानात बसायला धड स्टूलसुद्धा नव्हतं. राजापेठेत शिकवणी वर्गांच्या गल्लीत रागिणीने आदल्याच दिवशी दुकान उघडलं होतं. कुर्ती, लेगिंग, ओढण्या. नवरात्र तोंडावर आलं होतं आणि परतीचा पाऊस जावं की राहावं अशा विचारात रेंगाळत होता.

तोही तसाच रेंगाळला... एक पाय पायरीवर, एक रस्त्यावर.

"दुकान नवं हाय काय?"

"हो. या ना भाऊ. काय दाखवू?"

तो आत आला. लांब बोटांत कुर्तीची शिवण धरून पाहिली, अस्तर उलटवलं, आणि शेवटी काउंटरवरच्या डब्यातून एक पांढरा रुमाल उचलला.

"हा द्या."

"बस... इतकंच?"

"बोहनी व्हायची असंन ना तुमची?"

"हो."

"मंग झाली," तो म्हणाला आणि हसला. भाव न करता पैसे ठेवून गेलासुद्धा.

दिवसाच्या पहिल्या विक्रीची ती नोट रागिणीने कपाळाला लावून गल्ल्यात टाकली. संध्याकाळपर्यंत ओढण्यांचा एक गठ्ठा संपला.

दुसऱ्या दिवशी तो पुन्हा आला. त्यानंतरही. दुकान झाडून होतं न होतं तोच पायरीवर उभा. रोज शिवण पाहायची, आणि रोज रुमाल.

इथेच तिच्या मनात पाल चुकचुकली. गिऱ्हाईक रंग पाहतं. हा शिवण पाहतो. ही नजर दुकानदाराची. लेडीज कपड्यांच्या दुकानात एकट्या तरुणाचं रोज काय काम?

"इतक्या रुमालांचं करता काय भाऊ?"

"आई पण विचारते. सर्दी झाली काय म्हणून."

"अन् तुमी काय सांगता?"

"झाली म्हणतो."

तिला हसू आलं, पण तिने ते ओठांतच दाबलं. मोर्शीच्या घरून निघताना बाबांनी, महादेवरावांनी, बजावलं होतं, "बाजारात गोड बोलणाऱ्याले आधी ओळखजो, मंग चहा पाजजो." त्याच दमात हेही, की धनत्रयोदशीला येऊन पाहीन, दुकान चालत असलं तर ठीक, नाहीतर सामान बांधायचं आणि घरी येऊन स्थळं पाहायची. संत्र्याच्या बागेवर आयुष्य काढलेला माणूस. झाड धरलं की नाही हे एका नजरेत ओळखणारा.

मग पावसाचे ओले, रिकामे दिवस आले. दुपार दुपार कोणी फिरकेना. शेजारी साड्यांना फॉल लावणाऱ्या मैनाबाई एकदा दारात येऊन टेकल्या.

"काय वं पोरी, तो पोट्टा रोज सकाळी तुयाकडं येते?"

"हो. काहून मावशी?"

"ओळखतं का त्याले? जानरावचा स्वप्निल. चौकातलं मोठं कापड दुकान त्याहीचंच." मैनाबाईंनी आवाज उतरवला. "लय जड हात हाय त्याचा. त्यानं बोहनी केली का दिवसभर दुकानात माशी येत नाही. सख्खा बाप त्याले बोहनी झाल्याबिगर पायरी चढू देत नाही, बाप्पा! मधात अकोल्याले मामाच्या दुकानावर धाडला होता. तिथूनही वापस."

"असं कुठं असते मावशी?"

"नसंन. पण मंग सकाळी सकाळी त्याले तुयाच दुकानात कोणं धाडलं असंन, सांग बरं?"

रागिणीचा असल्या गोष्टींवर विश्वास नव्हता. दुपारपर्यंत तरी नव्हता. दुपारीही कोणी आलं नाही, तेव्हा तिने रस्त्याकडे पाहिलं, गल्ल्याकडे पाहिलं, आणि रुमालांच्या डब्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं.

दुसऱ्या दिवशी तो डब्याकडे हात नेणार, तोच तिने डब्यावर हात ठेवला.

"तुमच्या बाबानं धाडलं तुमाले?"

तो दचकला. "मैनामावशीनं सांगितलं काय?... बाबाले तर माहीतच नाही मी इथं येतो ते."

"राजापेठेत एवढे दुकानं हायेत. माझंच काहून?"

"बाकीचे मले ओळखतात." तो खाली पाहत म्हणाला. "सकाळी मी दिसलो का कोणी म्हणते, अजून दिवाबत्ती व्हायची हाय. कोणी अर्धं शटर खाली घेते. आमच्या दुकानात बोहनी होईलोक मले बाहेरच फिरा लागते. तुमी... 'या ना भाऊ' म्हटलं."

बाहेर एक स्कूटर हॉर्न वाजवत गेली.

"अन् पहिल्या दिवशी पोरी तुमच्या दुकानातून पिशव्या घेऊन येऊन राहिल्या होत्या. चौकातून पाहिलं मी. वाटलं... एका तरी दुकानात चालते आपला हात."

"म्हणजे माझ्या दुकानावर पाहून राहिले होते तुमी, हात हलका की जड?" तिचा आवाज चढला. "धनत्रयोदशीपर्यंतची मुदत हाय माझ्याजवळ! नाही चाललं तर हे सगळं बंद. समजते तुमाले?"

त्याने डब्याकडे नेलेला हात मागे घेतला. मग इतकंच म्हणाला, "उद्यापासून नाही येत."

आणि खरंच आला नाही.

मैनाबाईंनी चांगल्या हाताची म्हणून एका सवाष्णीला बोहनीसाठी आणलं. त्या दिवशी दुपारपर्यंत कुणी उंबरा ओलांडला नाही. एका सकाळी कुरकुर करणाऱ्या म्हातारीने घासाघीस करून लेगिंग नेली, आणि संध्याकाळी कुर्त्या काढता काढता रागिणीचे हात दुखले. मग जड कोण, हलकं कोण? आता तिला मैनाबाईंचाही संशय येऊ लागला आणि स्वतःचाही. सगळ्यात जास्त या गोष्टीचा, की झाडताना तिचे डोळे पायरीकडेच का जातात.

अशात तो तिला दिसला. समोरच्या कडुलिंबाखाली, गाडीला टेकून. दुकानातलं पहिलं गिऱ्हाईक पिशवी घेऊन बाहेर पडलं की तो गाडीला किक मारायचा आणि निघून जायचा.

गिऱ्हाइकं मोजतो काय हा? न राहवून एके सकाळी ती रस्ता ओलांडून गेली.

"आता काय पाहता?"

"तुमची बोहनी झाली का, ते."

"काहून?"

"झाली का मंग जातो मी." त्याने गाडीचा आरसा उगाच नीट केला. "नाही झाली तर... जाववत नाही."

'जा भाऊ,' असं तिला म्हणायचं होतं. तोंडातून 'जा' एवढंच आलं, आणि तेही फार हळू.

धनत्रयोदशी उजाडली. बाबा दुपारच्या गाडीने येणार होते. आणि दुकान उघडताच एक काकू, त्यांच्या दोन मुली आणि एक ठसक्यातल्या बाई आत आल्या.

"ती गुलाबी काढ बरं," काकू म्हणाल्या.

रागिणीचा हात वर गेला... आणि थांबला. कडुलिंबाखाली तो होता. आज गिऱ्हाईक लवकर आलेलं पाहून त्याचा चेहरा खुलला होता, आणि तो किक मारायला वळला होता.

"काकू, दोन मिनिटं बसता? बोहनी व्हायची हाय."

"अवं, आमीच तर करून राहिलो बोहनी!"

"गिऱ्हाइकाले बसवून ठेवते! असं कुठं दुकान असते?" ठसक्यातल्या बाई ताडकन उठून गेल्या. दारातून मैनाबाईंनी कपाळाला हात लावला, "पागल झाली काय वं!"

रागिणी पायरीवर आली. "ओ भा—" म्हणून अडखळली. मग सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं ओरडली, "स्वप्निल!"

त्याने मागे वळून पाहिलं; जणू दुसराच कोणी स्वप्निल तिथे उभा असावा. मग आला. एक पाय पायरीवर, एक रस्त्यावर.

"आज नको," तो पुटपुटला. "आज तरी चांगल्या हाताची होऊ द्या."

"दुकान कोणाचं हाय?"

"तुमचं."

"मंग बोहनी कोणाच्या हातची, ते मी ठरवीन. काय दाखवू?"

पुढच्या 'भाऊ'ची तो वाट पाहत राहिला. तो शब्द आला नाही. त्याचे कान लाल झाले.

"रुमाल..."

"रुमाल नाही मिळत. सर्दी बरी झाली असंन आता."

मुली खुसखुसल्या. त्याने मान वर केली. "मंग ती गुलाबी कुर्ती द्या."

"कोणत्या मापाची?"

"तुमच्या," तो म्हणाला.

मग काकूच म्हणाल्या, "ती गुलाबी तर मी काढाले सांगितली होती, बाप्पा!" आणि सगळे हसत सुटले.

महादेवराव आले तेव्हा दुकानात गर्दी होती. सणाला कुठल्याही दुकानात असते तेवढी. ते कोपऱ्यातल्या स्टुलावर बसून संत्रं सोलत सगळं पाहत राहिले. एक तरुण मुकाट्याने उलगडलेल्या कुर्त्यांच्या घड्या घालत होता.

"हा कोण?"

"जानरावांचा स्वप्निल."

"बाहेर ते बाई सांगे, त्याचा हात म्हणे..."

"चांगला हाय, बाबा," रागिणी म्हणाली.

दिवे लागले. गर्दी ओसरली. महादेवरावांनी माल विकून फळ्यांवर रिकाम्या झालेल्या जागा एकदा डोळ्यांखालून घातल्या आणि बागेत झाड निरखावं तसं लेकीकडे पाहिलं.

"उद्या दुकान केव्हा उघडतं तू?"

"हे आले का."

'हे' ऐकून घडी घालणारे हात मधेच थांबले. तीही थांबली, शब्द निघून गेल्यावर तिला ऐकू आला होता. महादेवरावांनी दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. मग त्यांनी संत्र्याची एक फोड स्वप्निलपुढे धरली.

"घे. ते कुर्ती ठेव खाली. हात मोकळा कर आधी."