दान्बी रडत का नाही?

"डॉक्टर, पोर रडतच नाहीये हो!"

ओक-बुन आजीबाईंनी नात टेबलावर ठेवली आणि सुनेकडे असा कटाक्ष टाकला की, वान्दो बेटावरच्या त्या दवाखान्यात गुन्हेगार कोण हे सगळ्यांना कळावं.

तीन आठवड्यांची दान्बी. पिवळट, थंडगार, पोट फुगलेलं. डॉक्टर प्योंनी तळव्याला टिचकी मारली. ती क्षीण, घोगऱ्या आवाजात कण्हली.

संध्याकाळी रक्ताचा अहवाल आला. जंतुसंसर्ग नाही, पण गळ्यातली थायरॉइड ग्रंथी जवळपास बंद पडलेली. असंच चाललं तर मेंदूची वाढ खुंटणार होती. आणि जन्मानंतरच्या तपासणीत हीच ग्रंथी ठणठणीत होती! मग घरी गेल्यावर काय घडलं?

"हिचं दूधच वाईट," आजीबाई फणकारल्या. "चोरून कॉफी ढोसते."

"एकदाच प्यायले, आई," युन-सोल पुटपुटली.

"कॉफीनं फार तर झोप उडते, आजीबाई," डॉक्टर म्हणाले. "नाळेला जखमेवरचं ते तपकिरी औषध लावलंत?"

"नाही."

"सुनेला गोळ्या, काढे दिलेत?"

"काही नाही. मियोकचं सूप, तिन्ही त्रिकाळ. बाळंतिणीला शेवाळाचं सूप द्यायचं नाही तर काय द्यायचं?"

"त्यात पाणी साधंच?"

"साधं कशाला? दासिमा उकळून घेते. आमच्याच समुद्रातलं, चांगलं जाड शेवाळ. पोर पीत नाही म्हटल्यावर दुप्पट घालायला लागले. दूध सुधारावं म्हणून."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं.

"दूध वाईट नव्हतं, त्यातलं आयोडीन अति झालं. शेवाळात ते असतं, दासिमात तर विचारूच नका. ते दुधातून बाळाला गेलं. ग्रंथीला थोडं आयोडीन लागतंच, पण फार झालं की ती काम थांबवते. मोठ्यांची सावरते, तान्ह्याची सावरत नाही. जन्मानंतरची तपासणी चांगली आली, कारण तेव्हा हे दूध पोटात गेलंच नव्हतं. पोर मलूल होत गेली, तशी तुम्ही मात्रा वाढवत गेलात."

आजीबाईंचा चेहरा पडला. "म्हणजे... मीच?"

"मायेनं केलंत. आजपासून औषध सुरू, सूप बंद. काही दिवस डब्याचं दूध द्या."

"मेंदूला काही झालं नसेल ना?" युन-सोलनं विचारलं.

"आत्ताच सांगता येणार नाही. आठवडाभर आधी आणली असती तर बरं झालं असतं."

"आणत होते." तिचा आवाज चढला. "तीन आठवडे बाळ उंबऱ्याबाहेर काढायची रीत नाही म्हणत आईंनीच दार अडवलं."

नातीला घ्यायला आजीबाईंनी हात पुढे केले.

"राहू दे, आई," युन-सोल म्हणाली आणि लेकीला तिनं स्वतःच उचललं.