वायरीचं रिकामं टोक

ही गोष्ट खरी आहे. पटवून द्यायला माझ्याकडे पुरावा नाही, आणि कोणाला नाही पटली तर माझं काही अडतही नाही.

हे माझ्या मावशीच्या बाबतीत घडलं. तिने मला एकदाच सांगितलं. तिच्या नवऱ्याच्या, म्हणजे आमच्या काकांच्या, दुकानातल्या भागीदाराने नंतर स्वतंत्रपणे सांगितलं. दोघांनी आधी बसून ठरवून सांगावं, असे त्यांचे संबंध आता उरलेले नाहीत. तरी दोन्ही हकिगती शब्दाला शब्द जुळतात.

आणि हे रात्री घडलेलं नाही.

रविवारची भर दुपार. तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट. खिडक्या उघड्या, खाली मुलांचा गलका, शेजारच्या घरात टीव्ही चालू. इतक्या उजेडात माणसाला भीती वाटू नये, पण वाटली.

मावशी फिजिओथेरपिस्ट. घरोघर जाऊन कोणाचा गुडघा, कोणाचा आखडलेला खांदा वळता करून द्यायची. हाताला जोर आणि जिभेला धार. तिच्या तोंडाला लागायचं नाही, हे पेशंट पहिल्याच दिवशी शिकून घ्यायचे.

काकांचं मोबाईलच्या सामानाचं दुकान. चार्जर, केबल, कव्हर, काचा. दुकानात भिंतभर केबली लटकलेल्या, आणि घरी धड चालणारी एकच. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा. बाकीच्या सगळ्या गिऱ्हाइकांनी परत आणलेल्या, मान मोडलेल्या. बोटाने दाबून एका कोनात धराव्या तेव्हा कुठे चालायच्या.

त्यामुळे फास्ट चार्जर एक आणि फोन दोन.

त्यांच्या संसारातली अर्धी भांडणं त्या एका चार्जरवरून झाली. मावशी फोन चार्जिंगला लावून आंघोळीला जायची. बाहेर येऊन बघते तर केबल काढलेली, फोन टेबलावर पालथा. जेमतेम वीस टक्के.

"माझा का काढलास?"

ती काकांना अरे-तुरेच करायची. कॉलेजपासूनची ओळख. मग जे वाजायचं ते जिन्यात ऐकू यायचं.

काका गेले त्या दिवशी सकाळीही तेच झालं. घाईत ती तसाच फोन घेऊन बाहेर पडली. पहिल्या पेशंटकडेच फोन बंद पडला. तिने मनातल्या मनात काकांचा उद्धार केला आणि कामाला लागली.

संध्याकाळी घरी येऊन फोन लावला. स्क्रीन उजळली, आणि मिस्ड कॉलचे मेसेज एकामागून एक पडायला लागले.

सगळे काकांचे.

दुपारी दुकानात त्यांच्या छातीत दुखायला लागलं होतं. ते तिला फोन लावत राहिले. ती तेव्हा दुकानापासून दोन गल्ल्या पलीकडे कोणाचा तरी पाय धरून बसली होती. पळत आली असती. भागीदाराने गाडीत घालून नेलं, पण दवाखान्याच्या दारात सगळं संपलं.

लोकांना वाटलं आता ही कोसळणार. ती कोसळली नाही. ती चिडली.

"स्वतःच्या फोनसाठी माझा काढला, आणि मग त्याच फोनवरून मला शोधत बसला," एवढंच ती म्हणायची. समाचाराला आलेल्यांपैकी कोणी त्या दिवसाचा विषय काढला की ती त्याला तिथेच तोडायची. कोणी तरी म्हणालं, जाऊ दे गं, गेलेल्या माणसाबद्दल असं बोलू नये. मावशी म्हणाली, "गेलाय म्हणूनच बोलते. असता तर हाणलं असतं."

काकांचा फोन तिने बंद करून कपाटात टाकला, वर कपडे रचले. आता चार्जर तिचा एकटीचा.

पहिला रविवार आला. तिने फोन लावला आणि स्वयंपाकघरात गेली. भांडी घासता घासता मागून आवाज आला...

टुंग.

चार्जिंग सुटलं की तिचा फोन तसा वाजायचा.

ती हात पुसत बाहेर आली. केबल टेबलावरून खाली लोंबत होती. टोक हलत होतं.

आणि फोन पालथा होता.

मावशी शास्त्र शिकलेली बाई. पहिला संशय पोर्टवर. पर्समधली धूळ जाऊन बसली की पिन पूर्ण आत जात नाही, हे काकांनीच तिला शिकवलं होतं. तिने दात कोरायच्या काडीने पोर्ट साफ केला. चांगली कापसासारखी गुठळी निघाली. पिन खटकन बसली. हिसडा मारून पाहिला, निघेना.

दुसऱ्या दिवशी ती आंघोळीहून आली तर केबल बाहेर. फोन पालथा.

मग ती दुकानात गेली. भागीदाराने पोर्ट भिंगाखाली धरला.

"वहिनी, पोर्ट एकदम घट्ट आहे. आपोआप निघणं शक्य नाही."

"मग काय मी काढते?"

त्याने वाद घातला नाही. नवी केबल दिली, नवा चार्जर दिला.

नव्या केबलनेही तेच.

तेव्हा तिची खात्री पटली. आणि दुसरी कोणी असती तर देवाचं नाव घेतलं असतं, मावशीने कमरेला पदर खोचला.

"मेलास तरी खोड गेली नाही का रे तुझी?"

घर गप्प. नुसतं गप्प नाही... कोणीतरी ऐकून घेतंय असं गप्प.

त्या दिवसापासून ती रोज भांडायला लागली. फोन लावायची, पाठ फिरवायची, टुंग वाजलं की सुरू. चार्जरपासून सुरुवात व्हायची आणि कुठल्या कुठे जायची. सासरच्यांनी लग्नात काय केलं इथपासून ते त्याने तिला न विचारता स्कूटर विकली इथपर्यंत. माझी आई एकदा जाऊन आली आणि म्हणाली, "ताई बरी दिसते. तोंडावर रंग आलाय." खरंच आला होता. भांडायला माणूस असला की घर खायला उठत नाही.

फक्त एक गोष्ट मावशीने आईला सांगितली नाही. ती जितका आवाज चढवायची, तितकं ते जवळ यायचं.

आधी ती स्वयंपाकघरात असताना केबल निघायची. मग ती हॉलमध्ये असताना. मग ती टेबलाशी बसलेली असताना, नुसती मान वळवली तरी...

टुंग.

एकदा ओरडता ओरडता ती दम घ्यायला थांबली. समोरच्या खुर्चीतून कोणीतरी तसाच दम घेतला.

तिला वाटलं, असू दे. आपलाच आहे.

भागीदार त्या रविवारी आला तो कपाटातला फोन मागायला. दुकानाच्या गिऱ्हाइकांचे नंबर त्यात होते. मावशीने चहा ठेवला आणि सहज सांगावं तसं सगळं सांगून टाकलं. तो हसला नाही. खिशातून छोटा मीटर काढला. काडेपेटीएवढा असतो, चार्जर आणि केबलच्या मध्ये लावायचा. किती व्होल्ट, किती करंट जातोय ते दाखवतो.

"वहिनी, चार्जरमध्ये गडबड असेल. बघून टाकू."

त्याने मीटर लावला. केबलच्या टोकाला काहीच नव्हतं. मावशीचा फोन टेबलाच्या दुसऱ्या कडेला पडला होता.

आकडे उमटले. पाच व्होल्ट. करंट शून्य.

"हे बरोबर आहे," तो म्हणाला. "टोक रिकामं असलं की असंच..."

पाचाचे नऊ झाले.

करंटचा आकडा चढायला लागला.

भागीदाराने केबल उचलली. टोक डोळ्यांसमोर धरलं. रिकामं. आकडा चढतच होता.

"काय झालं, भाऊजी?"

त्याने केबलचं टोक तिच्यापुढे धरलं. "फास्ट चार्जर आपणहून व्होल्ट वाढवत नाही, वहिनी. तो आधी पलीकडच्या फोनला विचारतो, तुला किती झेपेल. पलीकडून उत्तर आलं तरच वाढवतो."

"मग?"

"पलीकडे कोणी नाहीये. आणि उत्तर आलंय."

मावशीला तेव्हा भीती वाटली नाही, असं तिने मला सांगितलं. संताप आला. महिनोन्‌महिने दाबून ठेवलेला, खरा. इतके दिवस ती स्कूटरवरून भांडत होती, सासूवरून भांडत होती. जे बोलायचं होतं ते बोललीच नव्हती.

ती उठली. समोरच्या रिकाम्या खुर्चीकडे बघत उभी राहिली.

"आहेस ना इथे? मग ऐक. त्या सकाळी माझा फोन का काढलास? तुला मरायचं होतं, मर. पण मला का बंद करून ठेवलंस? दोन गल्ल्या लांब होते मी. दोन गल्ल्या. तुझा हात धरायला आले असते. तुझा चार्ज झाला ना फोन? मिळालं ना तुला हवं ते? आता ह्या घरात मी एकटीने काय करायचं, ते सांग."

टेबलावर तिने मूठ आपटली. कप सांडला.

"सांग ना. नेहमी खोटं बोललास. ‘मी नाही काढला, मी नाही काढला.’ उभ्या संसारात एकदा कबूल केलं नाहीस. आता तरी कर."

मीटरवरचा आकडा सरसर चढत होता.

भागीदार भिंतीला टेकला होता. तो हळूच म्हणाला, "वहिनी... त्या सकाळी दादाने नाही काढला."

"तुम्ही मध्ये पडू नका."

"नाही, ऐका. तुम्ही त्या दिवसाबद्दल कोणाला बोलूच दिलं नाहीत, म्हणून राहिलं. दादा दुकानात आला तेव्हा त्याचा फोन बंद होता. पूर्ण बंद. आल्या आल्या त्याने काउंटरवर चार्जिंगला लावला. मी चेष्टा केली, घरी चार्जर नाही का म्हणून. तर म्हणाला, तिचा लावून आलोय. तिला दिवसभर उन्हातान्हात फिरायचं असतं, माझा दुकानात होईल. तुम्हाला फोन केले ना, ते त्या काउंटरच्या वायरीला लावलेल्या फोनवरून. वायर पुरत नव्हती म्हणून वाकून बोलायचा प्रयत्न करत होता."

मावशी खुर्चीकडची नजर काढून त्याच्याकडे वळली.

"मी स्वतः बघितलंय, वहिनी. त्याने तुमचा फोन काढला नव्हता."

खाली मुलांचा गलका चालू होता. शेजारच्या टीव्हीवर कोणीतरी हसत होतं.

म्हणजे ‘मी नाही काढला’ हे खरं होतं. त्या सकाळचंही. त्याच्या आधीच्या सगळ्या सकाळींचंही.

काका जिवंत होते तेव्हापासून ह्या घरात कोणीतरी फोन काढून पालथा ठेवत होतं. आणि मग बसून त्या दोघांचं भांडण ऐकत होतं.

टुंग.

हा आवाज वेगळा होता. चार्जिंग सुरू झाल्याचा.

दोघांनी एकदम मान वळवली. भागीदाराच्या हातातली केबल त्याच्या हातात नव्हती. मावशीच्या फोनमध्ये होती, खटकन बसवलेली. फोन सुलटा होता. लाड करावा तसा कोणीतरी तिच्या पुढ्यात सरकवून ठेवलेला.

मावशीने आवाज अजिबात चढवला नाही.

"कोण आहेस तू?"

मीटरवरचा आकडा शून्यावर आला.

समोरची खुर्ची जरा मागे सरकली. माणूस उठताना सरकते तेवढीच.

मावशीने फोन उचलला नाही. चहा पुसला नाही. चपला घातल्या, कुलूप लावलं आणि भागीदाराच्या आधी जिना उतरली. तेव्हापासून ती आमच्याकडे राहते. भागीदाराशी ती बोलत नाही. इतके दिवस गप्प का बसलात, हा राग तिच्या मनातून जात नाही. बोलू कोणी दिलं नाही, हा त्याचा राग आहे. दोघांचंही खरं आहे.

फ्लॅट बंद आहे. एजंट आमच्या घरी फोन करतात, चांगलं नवं जोडपं आहे, भाड्याने द्या. मावशी फोनवरच त्यांच्या अंगावर जाते.

"जोडप्याला तर मुळीच देणार नाही."

मागच्या महिन्यात पावसाचं पाणी आत येतं का बघायला ती मला घेऊन गेली. वर्षभर बंद घर. लाईट कंपनीने मीटर केव्हाच काढून नेलेला, बटण दाबलं तरी काही नाही. टेबलावर सगळं तसंच. चहाचा वाळलेला डाग, तिचा मेलेला फोन, त्याला लावलेली केबल. सगळ्यावर धुळीचा थर.

मावशी दारातच उभी होती, पाठमोरी. आत यायला तयार नव्हती.

मी फोन उचलला नाही. फक्त केबलच्या पिनेला बोट लावून बघितलं. का लावलं, माहीत नाही.

कोमट होती.

पायरीवर मावशीने विचारलं, "काय रे, काही होतं का?" मी म्हटलं, "नाही, पाणी नाही आलं कुठे."

अजून मी तिला सांगितलेलं नाही. सांगितलं तर ती ऐकायची नाही. तडक फ्लॅटवर जाईल, टेबलाशी उभी राहील, माझ्या नवऱ्याचं नाव बदनाम केलंस म्हणून त्या रिकाम्या खुर्चीवर ओरडेल, मूठ आपटेल.

ते तिथे त्या भांडणाचीच वाट बघत बसलंय, असं मला वाटतं.