खारट अक्षता

बसा. जरा लांबच बसा, आणि दिवा तुमच्या बाजूला राहू द्या.

जर्मनीत, रेगेन्सबर्गच्या जुन्या गावात आम्ही भाड्याने राहतो. आमच्या केलरमध्ये, म्हणजे तळघरात, रोमन काळातली एक दगडी वेदी आहे. त्या संध्याकाळी मी बटाटे आणायला खाली उतरले. वर आमची लेक ओवी कित्येक दिवस तापाने फणफणली होती. डॉक्टरांनीही बोलणं कमी केलं होतं.

वेदीजवळ राजस उभा होता. माझा नवरा गाड्यांच्या कारखान्यात इंजिनिअर आहे, देवधर्माच्या वाटेला कधी न जाणारा. दगडावर मेणबत्ती होती. ओलसर चुन्याचा वास येत होता आणि कुठेतरी पाणी ठिबकत होतं.

"ओवीसाठी करतोय," तो हळूच म्हणाला. "मान लवव, चारू. अक्षता टाकतो."

मी ओढणी डोक्यावरून घेतली आणि मान लववली. सवयच ती आपली. पण डोक्यावर पडलं ते भरड पीठ होतं. ओठांवर आलं, तर खारट.

"राजस... अक्षतांत मीठ कसं?"

तो माझ्याकडे न बघता वर निघून गेला.

मी वर आले तेव्हा ओवीचा ताप उतरला होता. मी आनंदाने तिला जवळ घ्यायला गेले. तिने अंग चोरलं.

"निश्ट आनफासन," ती म्हणाली. हात लावायचा नाही. "बाबाने सांगितलंय."

दुसऱ्या दिवशी जिन्यात मी घरमालकीणबाईंना त्या खारट पिठाबद्दल विचारलं. त्या मागे सरकल्या.

"आल्झो... हे बघा, रोमन लोकांचं पवित्र म्हणजे शुद्ध नव्हे. पवित्र म्हणजे देवाला देऊन टाकलेलं. बळीच्या डोक्यावर खारं पीठ टाकायचे. त्याने मान लववली, की तो राजी आहे असं धरायचे. मग तो माणसांचा उरत नाही... तुमच्या नवऱ्याने हे सगळं विचारून घेतलं होतं माझ्याकडून."

लेकीसाठी माझा जीव मागितला असता, तर मी एका शब्दात हो म्हटलं असतं. त्याने विचारलंच नाही. इतक्या वर्षांच्या संसारात ज्याच्यावर डोळे मिटून विश्वास टाकला, त्याने माझ्या सवयीचाच होकार करून घेतला. हे मला अजून गिळवत नाही.

ओवी आता ठणठणीत आहे. रोज सकाळी ती माझ्या खोलीच्या उंबऱ्यावर दुधाचा पेला ठेवते, हात जोडते आणि वर न बघता मागे फिरते.

मी त्या दुधाला शिवतही नाही. संध्याकाळी पेला आतून चाटूनपुसून रिकामा असतो. खोलीत माझ्याशिवाय कोणी नसतं.