आवडाबाईंचा चंद्र

ऐका रे पोरांनो, आणि मध्येच मोबाइल काढू नका. ही आपल्या औरंगपुऱ्यातल्या गोकुळदादांची गोष्ट. एसटीत हयात घालवलेला माणूस, थापा मारणारा नव्हे.

गेल्या वर्षीची मार्गशीर्षातली संकष्टी. दिवेलागणीला दादांनी कॅमेरा गळ्यात अडकवला, दोन पोळ्या आणि बटाट्याची भाजी डब्यात भरली, आणि स्कूटर काढली ती थेट गोगाबाबा टेकडीच्या पायथ्याशी. दर संकष्टीला ते चंद्राचा फोटो काढायला वर जात. छंद म्हणा हवं तर, पण मुळात ते सगळं आवडाबाईंसाठी, त्यांच्या बायकोसाठी. समोर मोठी इमारत झाली आणि घरातून चंद्र दिसेनासा झाला. बाईंचे गुडघे गेलेले, गच्ची चढवेना. मग दादा टेकडीवरून फोटो पाठवत, बाई मोबाइललाच हात जोडत आणि उपास सोडत. त्यातही पहिला घास गाईचा, तो ताटाबाहेर काढून ठेवत.

"दुसऱ्या मजल्यावर कोणती गाय येती गं?" दादा चिडवायचे.

"येईल की," बाई म्हणायच्या.

त्याआधीच्या श्रावणात मात्र ढगांनी घात केला. बाईंचे फोनवर फोन. "अहो, उगवला का?" "थांब जरा, दिसंना अजून." शेवटी ढग फाटले, फोटो गेला, पण तिकडं तो कुणी उघडलाच नाही. दादा घरी आले तर आवडाबाई झाकलेल्या ताटासमोर, भिंतीला टेकून... उपाशीच गेल्या. दादांना ते फार लागलं. बाईंचा उपास त्यांनी स्वतः धरला. रिकाम्या घरात घास घशाखाली उतरेना, म्हणून टेकडीवरच जेवायचे. एकटेच.

त्या रात्री वर चिटपाखरू नव्हतं. थंडी मी म्हणत होती. खाली मकबरा, पलीकडं शहराचे दिवे, आणि त्यांच्यावर तांबूस चंद्र आला. डबा मागच्या कट्ट्यावर ठेवून दादांनी फोटो घेतला.

"उगवला का?"

मागून आवाज आला, बाईमाणसाचा. असेल कुणी उपासकरी, असं त्यांना वाटलं.

"व्हय की. समोरच हाय, बघा."

तोच आवाज, पुन्हा.

"अहो... उगवला का?"

दादांनी आवाज ओळखला. आवडाबाईंचा. समोर एवढा चंद्र, आणि हिला दिसत नाही?

मग लक्षात आलं. इमारत झाल्यापासून तिनं चंद्र बघितलाच नव्हता. फोटोच बघितला होता, दर वेळी.

मान वळवायची छाती होईना. त्यांनी कॅमेरा तसाच पाठीमागं धरला. पडदा उजळलेला, त्यावर आत्ताच काढलेला चंद्र.

वारा थांबला.

बांगड्या वाजल्या... कुणी हात जोडावेत तशा.

"जेव आता, आवडा... लई उशीर झाला."





कितीतरी वेळानं दादा वळले. कट्ट्यावर कुणी नव्हतं. डबा उघडा. एक पोळी संपलेली. कुत्रं असेल, म्हणाल तुम्ही. दादांनीही मनाला तेच सांगून बघितलं. पण कुत्रं दुसरी पोळी ठेवून जाईल?

आणि डब्याचं झाकण बाजूला नीट उताणं ठेवलेलं होतं. त्यावर पोळीचा एकच घास. भाजी लावलेला.

गाईचा.