अकरा शिंपले

"आधी डोह, मग कैऱ्या," असं ठरवून संस्कृती, रवि आणि रुद्राणी गोदावरीच्या पात्रात उतरले. संस्कृती पाटोद्याकडची, डोंगरातली. सुट्टीत आत्याकडे, रवि-रुद्राणीच्या गावी आली होती. येताना तिने डब्यात माकडशिंगी आणली होती. निवडुंगासारखी दिसणारी, पण बिनकाट्याची. रस्त्यासाठी टेकडी फोडली तेव्हा तिथली ही शेवटचीच उरली होती.

"आठ दिवस पाणी नव्हतं, तरी तगली," संस्कृती ऐटीत म्हणाली.

"झाड हाय का उंट?" रवि म्हणाला.

रुद्राणी एकदम थांबली. कालचा कमरेएवढा डोह घोट्यावर आला होता. शिंपल्याला घासून भोक पाडायचं आणि त्यानं कैरी सोलायची, ही गावची रीत. पूर्वी टोपलीभर शिंपले निघत. आज चिखलात जिवंत अकराच सापडले.

"उन्हानं आटलं आसंल," रवि म्हणाला.

"एका रात्रीत?"

कडेला बाभळीच्या फांद्या टाकल्या होत्या. त्या उचलल्या, तर खाली ताजा चर! शेजारी ट्रॅक्टरच्या चाकोऱ्या. वाळू उपसण्यासाठी कुणीतरी चरातून पाणी काढून डोह रिकामा करत होतं.

रवि संस्कृतीच्या आत्याला, म्हणजे पंचायतीच्या सदस्य गीताबाईंना बोलवायला पळाला. संस्कृतीने शिंपले बादलीत घालून घरी नेले, वर नळाचं स्वच्छ पाणी ओतलं आणि बादली माकडशिंगीशेजारी सावलीत ठेवली.

नदीवर लोक जमले. सरपंच सुंदरराव हसत होते. "आवो, चर पुरात पडलेला हाय."

रविने फांदी पुढे धरली. "पुरातला पाला अजून हिरवा कसा, काका?"

लोक हसले. संध्याकाळच्या आत सुंदररावांच्याच ट्रॅक्टरने चर बुजवला.

सकाळी संस्कृती ओरडली, "आत्या, तोंडं उघडली! जगले!"

गीताबाईंनी एकाला बोट लावलं. मग दुसऱ्याला. "माय, जिता शिंपला बोट लागलं की मिटतो."

एकही मिटला नाही.

"मी तर चांगलं पाणी दिलं."

"त्याला नदीचंच लागतं गं. तुझ्या झाडावानी डब्यात न्हाई ऱ्हात तो."

"चिखलातच ठेवले असते तर?"

गीताबाईंनी बादली उचलून बाजूला ठेवली.

दुपारी पारावर सुंदररावांनीच तिघांना नारळ दिले. "शाब्बास! पोरांनी डोह वाचवला."

टाळ्या वाजल्या. संस्कृतीने नारळ दोन्ही हातांनी धरला होता. तिने विचारलं, "डोहात आता काय हाय, काका?"

"पाणी हाय की. भरतंय."

"आणखी काय?"

सुंदररावांनी गीताबाईंकडे पाहिलं. "शिंपला एकबी न्हाई," गीताबाई म्हणाल्या.