चौथ्याचं माप

बाबांच्या जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडून धाकटी सकाळपासून डोकं आपटत होती. बाबा घरात एकटे असताना पडले, तर तिच्या फोनवर सूचना यायला हवी. दुपारी दादा येऊन बघणार. जमलं तर बाबा इथेच राहणार. नाही जमलं तर आजच दादाच्या घरी.

सेन्सर तीन. दारावर, शेगडीपाशी, गालिच्याखाली. कोण कुठल्या प्रकारची बातमी देणार ते आधी ठाऊक नाही. म्हणून प्रोग्रॅमने चालता चालताच एकेकाला विचारायचं, बोल रे, तू काय सांगणार? आणि तेवढ्याच मापाचा डेलिगेट, म्हणजे बातमी पोचवणारा मुखत्यार, जागच्या जागी शिवायचा. गिऱ्हाईक बघून सदरा.

चालवला.

प्रकार जुळत नाही.

पुन्हा चालवला.

प्रकार जुळत नाही.

"ठमे, चहा घे. शिव्या घालून तो डबा सुधारणारे का?"

"बाबा, घरात अजून काही लावलंय का तुम्ही? चौथं?"

"मी? मला टीव्हीचा आवाज कमी करता येत नाही."

उत्तरं चार येत होती. तीन ओळखीची. चौथ्याने सांगितलेला प्रकार तिने लिहिलेला नव्हता, कुणीच लिहिलेला नव्हता. नावाच्या जागी नुसती मोकळी जागा. चौथ्याला वगळलं, तर उरलेल्या तिघांचाही डेलिगेट शिवला जाईना. वैतागून तिने तिन्ही सेन्सरच्या वायरी उपटून टेबलावर टाकल्या.

तीन गेले. चौथा राहिला.

खाली दादाची गाडी लागली.

"मर मग," ती पुटपुटली, आणि चौथा सांगेल तेच त्याचं माप, असं लिहून टाकलं. प्रोग्रॅम मुकाट चालू लागला.

दादाने चपला काढायच्या आधीच परीक्षा घेतली. "बाबा, पडा बरं."

"मोठी हौस तुला," म्हणत बाबा गालिच्यावर सावकाश आडवे झाले.

फोन वाजला. *पडले.*

"जमवलंस की," दादा म्हणाला. "बरं बाबा, राहा इथेच."

बाबांनी आडव्यानेच डोळे मिटून श्वास सोडला. किती दिवसांचा कोंडलेला.

धाकटी टेबलाकडे बघत होती. तिन्ही वायरी तशाच पडलेल्या. बोलावं, तर बाबांची बॅग भरली जाणार. तिने गुपचूप वायरी जोडल्या आणि दादाबरोबर निघाली.

गाडी वळणावर असताना फोन वाजला.

*पडले.*

ती नंबर लावतेय तोवर पुन्हा वाजला. या वेळचा शब्द तिच्या प्रोग्रॅममध्ये कुठेच नव्हता.

*उठवले.*

बाबांनी लगेच फोन घेतला.

"पडलो खरा, पण लागलं नाही काही. तू खाली गेलीस वाटतं? ठमे, आत्ता मला उठवलंस तेव्हा एक शब्द बोलली नाहीस. रागावलीस का माझ्यावर?"